बँडमास्तरांच्या स्मरणार्थ कार्यक्रम: त्यांच्याच हस्तलिखितांवरून वाजवायचा आहे, मार्गदर्शन हवं

वारणाकाठ:

नमस्कार मंडळी,

आमचे बँडमास्तर गेल्या महिन्यात गेले. पायदळाच्या रेजिमेंटच्या बँडमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये शिकलेले. निवृत्तीनंतर गावी येऊन त्यांनी शाळेचा बँड उभा केला. ज्यांना सा आणि रे वेगळे कळत नव्हते अशा पोरांना त्यांनी स्टाफ नोटेशन वाचायला शिकवलं. आज त्यांचे विद्यार्थी पोलीस बँडमध्ये आहेत, लग्नाच्या बँडमध्ये आहेत, शिक्षक आहेत. या सगळ्यांनी मिळून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर संध्याकाळी कार्यक्रम करायचा ठरवलं आहे. भाषणं कमी, वादन जास्त.

हाताशी असलेली वाद्यं: बी-फ्लॅट क्लॅरिनेट ५, आल्टो सॅक्सोफोन २, ट्रम्पेट-कॉर्नेट मिळून ४, ई-फ्लॅट हॉर्न २, ट्रॉम्बोन ३, युफोनियम २, सूझाफोन १, साइड ड्रम २, बेस ड्रम १, झांज १. एकूण २३ जण.

मास्तरांची एक पत्र्याची ट्रंक घरच्यांनी आमच्याकडे दिली आहे. आत हाताने लिहिलेले पार्ट (एकेका वाद्यापुरतं नोटेशन), बहुतेक मार्च-साइज कार्डांवर, निळ्या शाईत. काही मार्च त्यांनी स्वतः बांधलेल्या, काही गाण्यांच्या अरेंजमेंट. पूर्ण स्कोअर कशाचाच नाही, फक्त सुटे पार्ट आहेत, त्यातलेही काही गहाळ. काही कार्डांना कसर लागली आहे. पार्टांवर पेन्सिलीच्या खुणा भरपूर: कुठे चष्म्याचं छोटं चित्र, कुठे दोन तिरक्या रेघा, आणि हॉर्नच्या पार्टात दोन-तीन ठिकाणी लाल पेन्सिलीने नुसतंच ‘ऐक’.

विचारायचं ते असं. कागदांचं काय करावं? गहाळ पार्ट कसे भरून काढावेत? लास्ट पोस्ट (मृतांच्या मानवंदनेची बिगुलची धून) आपण वाजवावी का आणि कुठल्या क्रमाने? एक ताई ‘ऐ मेरे वतन के लोगो’ हार्मोनियमवर गाणार आहेत, तिला बँडची साथ कशी द्यावी? आणि समोर काठी घेऊन उभं कोणी राहावं, यावर आमच्यात एकमत होत नाहीये.

दफ्तरी:

मास्तरांना आदरांजली. आधी कागदांबद्दल, कारण तालमीत ही कार्डं हाताळायला सुरुवात झाली की मूळ क्रम कायमचा जातो.

ट्रंकेत जे ज्या पाकिटात, ज्या गठ्ठ्यात आहे ते तसंच राहू द्या. एकेक पाकीट काढा, पाकिटाला क्रमांक द्या आणि प्रत्येक कार्डाच्या मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने (टू-बी चालेल) क्रमांक लिहा: ७/३ म्हणजे सातव्या पाकिटातलं तिसरं कार्ड. पेन अजिबात नको. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल ओढू नका. मागचे पाय उघडून हलक्या हाताने काढा, नाहीतर गंजाच्या भोवतीचा कागद तुकड्यासकट येतो. जुनी चिकटपट्टी मात्र आहे तिथेच असू द्या, ती उपटली की खालची शाई बरोबर निघते.

निळी फाउंटन पेनची शाई पाण्याने पसरते. ओल्या फडक्याने पुसायचं नाही. धूळ मऊ कोरड्या ब्रशने, कार्डाच्या मध्यापासून कडेकडे झटकायची. कसर लागलेली कार्डं वेगळी ठेवा, सावलीत वाऱ्यावर दोन दिवस पसरा, उन्हात नको. लॅमिनेशनचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. उष्णतेने शाई आणि कागद दोन्ही बिघडतात आणि ते परत काढता येत नाही.

स्कॅन रंगीतच करा. काळं-पांढरं केलं तर ती लाल पेन्सिल आणि निळी शाई एकाच करड्या रंगाची होईल, आणि मास्तरांनी नंतर काय जोडलं ते कळणारच नाही. ३०० डीपीआय पुरतं, फिकट कार्डांना ६००. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, वाजवायला पीडीएफ काढा. कोरी मागची बाजूही स्कॅन करा. तिथे बरेचदा तारीख, छावणीचं नाव किंवा कुणी नक्कल केली ते लिहिलेलं असतं. स्कॅनर नसेल तर फोन चालतो: कार्ड सपाट, फोन कार्डाला समांतर, उजेड दोन्ही बाजूंनी तिरपा, फ्लॅश बंद.

नंतर मूळ कार्डं धुतलेल्या मलमलीत किंवा खादीच्या कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात, भिंतीला आणि जमिनीला न टेकता. डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवू नका. तालमीला मूळ कार्ड एकही जाता कामा नये, प्रिंट काढून वाजवा.

हक्कांचा प्रश्न पुढे येईलच. मास्तरांनी निवृत्तीनंतर केलेल्या स्वतःच्या रचनांचा हक्क वारसांकडे, मृत्यूनंतर ६० वर्षं. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून बांधलेल्या चालींची पहिली मालकी सरकारची असू शकते. घरच्यांची लेखी परवानगी आत्ताच घ्या, एका पानाची पुरे. दुसऱ्यांच्या गाण्यांबाबत, हौशी मंडळाने तिकीट न लावता जमलेल्या लोकांपुढे वाजवणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट म्हणून आहे. तिकीट किंवा प्रायोजकांचे पैसे आले की गणित बदलतं.

सोलो_कॉर्नेट:

मला सगळ्यात जास्त त्या ‘ऐक’ ने धरलं. हॉर्नचा पार्ट मार्चमध्ये बहुतेक ऑफबीटच असतो, बेसच्या ठोक्यानंतरचा. त्या पोराला लिहिलेल्या स्वरांत ऐकण्यासारखं काही नसतं. मग मास्तर त्याला काय ऐकायला सांगतात? त्याच बारचा (नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्याचा) युफोनियमचा पार्ट काढून शेजारी ठेवा. माझा अंदाज, तिथे युफोनियमची उलट धून आहे, आणि हॉर्नने आवाज दाबला नाही तर ती बुडते, कारण दोघांचा पट्टा एकच. चष्मा म्हणजे माझ्याकडे बघ: तिथे वेग बदलतो किंवा स्वर लांबतो. दोन तिरक्या रेघा म्हणजे सगळ्यांनी तुटक थांबायचं, श्वास घेऊन पुन्हा सुरू. या खुणा म्हणजे मास्तरांची तालीम आहे. नवीन नक्कल करताना त्या सगळ्या उतरवून घ्या, हवं तर वेगळ्या रंगात.

आता गहाळ पार्ट. सुरू करण्याआधी प्रत्येक पार्टाचे बार मोजा आणि तक्ता करा. लष्करी मार्चचा साचा ठरलेला असतो: ४ किंवा ८ बारची सुरुवात, १६ बारचा पहिला भाग दोनदा, दुसरा भाग १६ दोनदा, मग ट्रिओ, म्हणजे पट्टी बदलून येणारा पुढचा भाग. एखाद्या पार्टात बेरीज जमली नाही तर नक्कल करणाऱ्याने रिपीटची खूण किंवा विश्रांतीचे बार गाळलेत. हे तालमीत शोधायला गेलात तर २३ जण बसून राहतील. कागदावर शोधा.

दुसरं क्लॅरिनेट गहाळ असेल तर दुसऱ्या कॉर्नेटवरून काढा, दोन्ही बी-फ्लॅट, लिहिलेले स्वर तेच. फक्त क्लॅरिनेटला मधल्या ए-बी-फ्लॅटवरून वरच्या बी-सीवर उडी मारताना सगळी बोटं एकदम बसवावी लागतात, तिथे नवशिक्याचं वाद्य किंचाळतं. अशी उडी जलद स्वरांत आली तर तो तुकडा एक सप्तक खाली घ्या. हॉर्नचा पार्ट नसेल तर आल्टो सॅक्सोफोनचा बघा, दोन्ही ई-फ्लॅट आहेत.

बेसची अडचण तुम्हाला येणारच. जुने पार्ट कधी ई-फ्लॅट बेससाठी ट्रेबल क्लेफमध्ये (क्लेफ म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला स्वर ते ठरवणारी खूण) लिहिलेले असतात आणि तुमचा सूझाफोनवाला बेस क्लेफ वाचत असेल. सगळं पुन्हा लिहायची गरज नाही. स्वरांच्या जागा तशाच ठेवायच्या, सुरुवातीला ट्रेबलऐवजी बेस क्लेफ लावायचा आणि की-सिग्नेचरमध्ये (पट्टी दाखवणाऱ्या सुरुवातीच्या खुणांत) तीन फ्लॅट वाढवायचे. मूळ सी मेजर असेल तर ई-फ्लॅट मेजर होतो आणि स्वर बरोबर पडतात. फक्त मध्येच आलेले शार्प-नॅचरल एकेक तपासा, तिथे घोटाळा होतो.

दुसरा नेहमीचा घोटाळा ट्रिओत. मार्च ट्रिओला मध्यमावर जाते, म्हणजे एक फ्लॅट वाढतो. क्लॅरिनेट-कॉर्नेटला आधी एक फ्लॅट असेल तर ट्रिओत दोन, आणि पोरं नवा ई-फ्लॅट विसरून ई नॅचरल वाजवतात. ट्रिओच्या पहिल्या बारवर लाल गोल करून द्या.

सगळे पार्ट म्यूझस्कोअर या नोटेशन लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भरा, फुकट आहे, वाद्याप्रमाणे स्वर आपोआप बदलतं आणि गहाळ जागा कुठल्या सुरावलीने भरायची ते कानाने पडताळता येतं. एका मार्चला साधारण १४ वेगळे पार्ट होतील. सगळी ट्रंक आत्ता करू नका. त्यांच्या स्वतःच्या चार रचना निवडा, त्या नीट करा.

शिस्त:

तिरंगा, राष्ट्रगीत आणि लास्ट पोस्ट, या तिन्हींत चांगल्या हेतूने चुका होतात.

तिरंगा फोटोवर, टेबलावर, वाद्यावर किंवा व्यासपीठाच्या कठड्यावर अंथरायचा नाही. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान कायद्यात शासकीय आणि सशस्त्र दलांच्या अंत्यसंस्काराखेरीज ध्वज आच्छादन म्हणून वापरणं, तसंच स्मारकावर किंवा वक्त्याच्या टेबलावर पसरवणं, हा अपमान धरला आहे. तुमचा कार्यक्रम अंत्यसंस्कार नाही. ध्वज खांबावर सन्मानाने फडकू द्या, टेबलावर पांढरं कापड टाका.

लष्करी गणवेश सेवेतल्या किंवा निवृत्त सैनिकांखेरीज कुणी घालू नये. बँडचा स्वतःचा गणवेश असेल तर तो, नाहीतर पांढरा शर्ट-काळी पँट. बंदुकीची सलामी वगैरे नक्कल नको. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र द्या. परिसरातले माजी सैनिक येतील आणि पुष्पचक्र कोणी, कुठल्या क्रमाने वाहायचं ते तेच ठरवतील.

लास्ट पोस्ट वाजवायला हरकत नाही, पण क्रम पाळा: लास्ट पोस्ट, दोन मिनिटं शांतता, मग राउज (शांतता संपवणारी बिगुलची धून). लास्ट पोस्टला साधारण सव्वा मिनिट लागतो. शांततेचा वेळ घड्याळावर एका माणसाने पाहायचा आणि बिगुलवाल्याला नजरेने सांगायचं. माइकवरून ‘आता शांतता पाळूया’ हे लास्ट पोस्टच्या आधी सांगून टाका, मध्ये कुणी बोलायचं नाही.

बी-फ्लॅट बिगुलला झडपा नसतात. त्यात पाचच स्वर वापरले जातात: खालचा षड्ज, पंचम, वरचा षड्ज, गंधार, वरचा पंचम. बिगुल नसेल तर बी-फ्लॅट ट्रम्पेटवर एकही झडप न दाबता वाजवा, स्वर तेच येतात. पण वाजवणारा वेगळा ठेवा. पाऊण तास मार्च वाजवलेल्या ओठांना तो वरचा पंचम हळू आवाजात धरता येत नाही, चिरकतो. बाकी कार्यक्रमात त्याला बसवून ठेवा, फक्त दहा मिनिटं आधी बाजूला जाऊन लांब स्वर काढू द्या आणि माउथपीस मुठीत धरून ऊबदार ठेवू द्या.

शेवटी राष्ट्रगीत, पूर्ण, ५२ सेकंदांचं. बँडने वाजवताना आधी ड्रमचा रोल द्यायचा असतो: स्लो मार्चची सात पावलं, हळू सुरू करून जास्तीत जास्त मोठा, मग पुन्हा हळू, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू यायला हवा. नंतर एक ठोका विश्रांती आणि मग राष्ट्रगीत. तुमच्या दोन साइड ड्रमवाल्यांना हा रोल रोज दहा वेळा करायला लावा. ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ २०२३ पासून राज्यगीत आहे, ते १ मिनिट ४१ सेकंदांत बसतं, ते सुरुवातीला घ्या.

आणि वेळ उलटी मोजा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुमच्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. लास्ट पोस्ट त्या वेळेला यायला हवी, म्हणजे सुरुवात पाचला. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून. शंभर मीटरच्या आत रुग्णालय असेल तर शांतता क्षेत्र लागू असू शकतं, ते आधी पाहा.

काळी_पाच:

ताईंच्या गाण्याबद्दल. हे गाणं बँडवर नेहमी वाजतं, २०२२ पासून दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्येही (प्रजासत्ताक दिनानंतरचा लष्करी बँडांचा सोहळा) आहे. चाल आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची, लताबाईंनी २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत पहिल्यांदा जाहीर गायलं. पण गायिकेला साथ करणं आणि बँडने एकट्याने वाजवणं यात फार फरक आहे.

आधी ताईंना पट्टी विचारा. काळी पाच चालत असेल तर सोनं, कारण काळी पाच म्हणजे बी-फ्लॅट: क्लॅरिनेट-ट्रम्पेटला सी मेजर, आल्टो आणि हॉर्नला जी मेजर, सगळ्यांना सोपं. पांढरी चार असेल तर एफ: बी-फ्लॅट वाद्यांना जी, ई-फ्लॅट वाद्यांना डी, तेही जमेल. पांढरी सहा सांगितली तर मात्र बी-फ्लॅट वाद्यांना पाच आणि ई-फ्लॅट वाद्यांना सहा खुणांची पट्टी वाचावी लागेल. शाळेच्या पोरांकडून ते सुरात येणार नाही. ताईंना अर्धा स्वर खाली, काळी चारवर यायची विनंती करा.

हार्मोनियमचा स्वर एका जागी ठाम असतो, बँडचा हलतो. पितळी वाद्य फुंकून तापलं की स्वर चढतो, गार पडलं की उतरतो. पाचला ऊन असेल आणि सहाला गारवा, म्हणजे तासाभरात फरक कानाला कळेल इतका पडतो. म्हणून हार्मोनियम आदल्या दिवशी ट्यूनर ॲपवर तपासा. ४४० च्या मानाने १०-१५ सेंटपेक्षा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) जास्त चढी असेल तर ती बाजूला ठेवा आणि तानपुऱ्याचं ॲप लावा. क्लॅरिनेट बॅरल (माउथपीसखालचा तुकडा) एक-दोन मिलिमीटर ओढून उतरवता येतं, पण पूर्ण आत असलेलं आणखी चढवता येत नाही. गाण्याच्या आधी सगळ्यांनी तीन-चार मिनिटं वाद्यात नुसती गरम हवा फुंकत राहावं, आवाज न करता.

साथीला तिन्ही ट्रॉम्बोन, ट्रम्पेट आणि ड्रम पूर्ण गप्प. क्लॅरिनेट खालच्या पट्ट्यात लांब स्वर धरतील, एक युफोनियम, सूझाफोन अगदी हळू. मुखडा आणि दोन अंतरे पुरे, पूर्ण गाणं सहा मिनिटांवर जातं. ट्रम्पेटवाल्यांच्या ओठांना तेवढी विश्रांतीही मिळते.

मांडवी:

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे चर्चच्या शाळांतून पोरं सोल्फा आणि व्हायोलिन शिकत, आणि पुढे रेजिमेंटच्या, पोलिसांच्या बँडमध्ये आणि मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत जात. त्यामुळे बँडमास्तर गेल्यावर वाजवायचं म्हणजे काय, हे आमच्याकडे ठरून गेलेलं आहे.

‘अबाइड विथ मी’ हे ख्रिस्ती भजन घ्या असं मी म्हणेन. ते २०२२ मध्ये बीटिंग रिट्रीटमधून काढलं म्हणून तुम्ही घेऊ नये असं नाही. पचमढीत शिकलेल्या त्या पिढीच्या बँडमास्तराने ते शेकडो वेळा उभं केलेलं असणार. मंक यांची ही धून १८६१ ची, चार आवाजांत लिहिलेली, ई-फ्लॅटमध्ये. १६ बार, मिनिटाला ६६ ठोके धरले तर एक कडवं मिनिटभराचं. पहिलं कडवं फक्त क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन. दुसरं फक्त पितळी वाद्यं, दबक्या आवाजात. तिसरं सगळे, तरीही ओरडून नाही. चूक एकाच जागी होते: सगळे चार बारनंतर एकत्र श्वास घेतात आणि गाण्याला भोकं पडतात. शेजारच्या दोघांनी आळीपाळीने श्वास घ्यायचा, पार्टावर आधीच लिहून: पहिल्याने दुसऱ्या बारनंतर, दुसऱ्याने तिसऱ्यानंतर.

डेड मार्च वाजवा असं तुमच्यात कुणीतरी म्हणणार. माझा विरोध आहे. ती मिरवणुकीच्या पावलांसाठी आहे, खांद्यावर शवपेटी असताना. बसलेल्या लोकांपुढे मैदानावर ती नुसती लांबते.

शिस्त:

मांडवी, डेड मार्चबद्दल सहमत. पण ‘अबाइड विथ मी’ लास्ट पोस्टच्या लगेच आधी ठेवू नका. दोन्ही संथ, एकामागे एक आले तर लास्ट पोस्टचा पहिला स्वर त्यातच विरून जातो. मध्ये एक क्विक मार्च हवी.

वारणाकाठ:

मनापासून आभार सगळ्यांचे. सोलो_कॉर्नेट, आज पार्ट शेजारी ठेवून पाहिले. तिन्ही ‘ऐक’ च्या जागी युफोनियमची धून आहे, आणि तिसऱ्या ठिकाणी तर ती धून फक्त तिथेच आहे, पुन्हा मार्चमध्ये कुठेच येत नाही. आता आमचा हॉर्नवाला म्हणतो की तिथे तो वाद्य ओठांना लावेल पण जेमतेम वाजवेल.

अजून दोन गोष्टी. ड्रमला काळं कापड बांधतात ते नेमकं कसं? आणि काठी कोणी धरायची तो प्रश्न राहिलाच. मास्तरांचं कॉर्नेटही घरच्यांनी दिलंय, ते मांडणार आहोत. काळं पडलंय, चिंचेने घासावं का?

सोलो_कॉर्नेट:

चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, काही लावू नका! बहुतेक कॉर्नेटवर चांदीचा मुलामा किंवा लॅकर असतो, आम्लाने तो निघतो आणि खालचं पितळ डागाळतं. मऊ सुती कापडाने कोरडं पुसा, एवढंच. झडपा अडकल्या असतील तर दोन थेंब व्हॉल्व ऑइल वरून सोडून रात्रभर ठेवा. पकडीने माउथपीस पिरगाळायचा नाही, शँकला पीळ पडतो. काळेपण असू दे, त्यांच्या बोटांनी झडपांच्या टोप्या कुठे झिजल्यात ते दिसू दे.

ड्रमचं: आधी साइड ड्रमच्या खालच्या तारा लिव्हरने सैल करा, मग आवाज कोरडा, खोल येतो. काळं कापड फक्त कड्याभोवती गुंडाळायचं. १४ इंची ड्रमचा घेर साधारण ११२ सेंटीमीटर, सव्वा मीटरची पट्टी घ्या. २८ इंची बेस ड्रमला अडीच मीटर. कापड वरच्या चामड्यावर आलं तर रोल मरतो, आणि गाठ काठीच्या वाटेत आली तर ठोका चुकतो, म्हणून गाठ वादकाच्या समोरच्या बाजूला. हे फक्त ‘अबाइड विथ मी’ आणि स्लो मार्चपुरतं. नंतर लिव्हर परत चढवायला विसरू नका, नाहीतर पुढच्या क्विक मार्चला साइड ड्रम ढोलासारखा वाजेल. हे विसरलं जातंच, म्हणून ड्रमच्या पार्टावर मोठ्या अक्षरात ‘तारा चढव’ लिहा. राष्ट्रगीताच्या रोललाही तारा चढलेल्याच हव्यात.

काठीबद्दल माझं मत ठाम आहे. त्यांच्या स्वतःच्या मार्चसाठी समोर कुणी उभं राहू नये. लष्करी बँड मार्च करताना काठीवर चालतच नाही, बेस ड्रमवर चालतो. साइड ड्रमने तीन पावलांचे दोन रोल द्यायचे, बँडने पुढच्या ठोक्यावर उचलायचं. मिनिटाला १२० हा वेग बेस ड्रमने धरायचा, आणि संपवायचं असेल तेव्हा बेस ड्रमचा डबल टॅप, की चालू ओळ संपल्यावर सगळे एकत्र थांबतात. जिथे चष्मा काढलाय तिथे मात्र कुणाकडे तरी बघावंच लागेल. त्या मार्चपुरता पहिल्या क्लॅरिनेटने वाद्याच्या टोकाने इशारा द्यायचा, तालमीत तो ठरवून घ्या.

राज्यगीत, ‘अबाइड विथ मी’ आणि ताईंचं गाणं यांना मात्र कंडक्टर हवाच, कारण तिथे स्वर लांबतात, नुसत्या ड्रमवर चालता येत नाही. त्यांचा सगळ्यात ज्येष्ठ विद्यार्थी ते करेल. वयाने नव्हे, त्यांच्याकडे जास्त वर्षं शिकलेला.

असं नेहमी होत आलंय की कंडक्टरची आठवण त्याच्या रचनेतच राहते. मार्चचे प्रसिद्ध रचनाकार जॉन फिलिप सूझा १८८० ते १८९२ अमेरिकेच्या मरीन बँडचे प्रमुख होते. ते ६ मार्च १९३२ ला पेनसिल्व्हेनियातल्या रीडिंगमध्ये वारले, आदल्या दिवशी तिथल्या बँडची तालीम घेऊन. शेवटची वाजवून घेतलेली रचना त्यांचीच ‘द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर’. मरीन बँड अजूनही ६ नोव्हेंबरला, त्यांच्या वाढदिवशी, वॉशिंग्टनमधल्या त्यांच्या कबरीपाशी जाऊन वाजवतो. तुमचा सूझाफोनही त्यांच्याच नावाचा. आपल्याकडे आझाद हिंद फौजेचे संगीतकार कॅप्टन राम सिंह ठाकुरी २००२ मध्ये लखनौत वारले, पण ‘कदम कदम बढाये जा’ ची त्यांची चाल आजही लष्कराच्या क्विक मार्चमध्ये आहे. ती कार्यक्रमात घ्या. शिस्त म्हणतात ती मधली क्विक मार्च हीच असू दे.

काळी_पाच:

सोलो_कॉर्नेटना जोडून: काठीशिवाय मार्च करणार असाल तर बसण्याची रचना बदला. बेस ड्रम नेहमीसारखा कोपऱ्यात मागे नको, मधोमध, सूझाफोनच्या शेजारी. कोपऱ्यात असेल तर दुसऱ्या टोकाच्या क्लॅरिनेटला ठोका उशिरा ऐकू येतो आणि ती बाजू मागे पडते. मोकळ्या मैदानावर मागे भिंत नसते, त्यामुळे हे आणखी जाणवतं. अर्धवर्तुळ घट्ट ठेवा, खुर्च्यांत एका हाताचं अंतर.

आणि संध्याकाळचा वारा. मार्च-साइज प्रिंट लायरमध्ये (वाद्यालाच लावायचा कागदाचा चाप) बसतात, पण स्टँडवर ठेवणार असाल तर प्रत्येक स्टँडला कपड्यांचे चार चिमटे, दोन वर, दोन खाली. सहानंतर उजेड जातो, राष्ट्रगीत सगळ्यांना पाठ हवं.

दफ्तरी:

एक राहिलं. रेकॉर्डिंग करताना फोन पहिल्या रांगेत ठेवू नका, झांजेत सगळं बुडतं. १०-१२ फूट उंचीवर, बँडपासून पाच-सहा मीटर, मधोमध. आणि त्यांच्या चार रचनांचं रेकॉर्डिंग, स्कॅन आणि म्यूझस्कोअरची फाइल एकाच फोल्डरमध्ये, तीन जागी: घरच्यांकडे, शाळेत आणि बँडमधल्या एकाकडे. फोल्डरला रचनेचं नाव मास्तरांनी कार्डावर जसं लिहिलंय तसंच द्या, शुद्धलेखन न सुधारता.

वारणाकाठ:

ठरलं. राज्यगीत, त्यांच्या दोन मार्च बिनकाठीच्या, ताईंचं गाणं काळी चारवर (विचारलं, त्यांना चालतंय, क्लॅरिनेटला बी-फ्लॅट मेजर येतो, तो तालमीत पक्का करून घेतो), त्यांची स्लो मार्च, ‘अबाइड विथ मी’, ‘कदम कदम’, त्यांची तिसरी मार्च, लास्ट पोस्ट, शांतता, राउज, राष्ट्रगीत. बिगुलला पोलीस बँडमधला त्यांचा विद्यार्थी येतोय. पहिली तालीम रविवारी सकाळी, फक्त बार मोजायची.